कागदावर न आलेली इजा



ज्या वकीलसाहेबांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांची हयात मोटार अपघाताचे दावे चालवण्यात गेली. म्हणून विषयही त्यांच्याच कामातला घेतला आहे. मोटारीच्या धडकेत जखमी झालेल्या माणसाने आणि त्याच्या घरच्यांनी भरपाईच्या दाव्यासाठी पुरावा कसा जमवावा, याबद्दल आज बोलणार आहे. २०२२ या एका वर्षात देशभरात ४,६१,३१२ अपघातांची नोंद झाली. त्यांत १,६८,४९१ माणसं गेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. गेलेल्यांची निदान बातमी तरी येते. जखमींपैकी किती जण पुन्हा आपापल्या कामाला लागले, हे कुठे छापून येत नाही. माझं बोलणं या दुसऱ्या आकड्यातल्या माणसांसाठी आहे.

सुरुवातीलाच माझं म्हणणं स्पष्ट सांगते. दावा म्हटला की घरच्यांचं सगळं लक्ष चूक कोणाची होती, या एकाच प्रश्नावर जातं. प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर वकील म्हणून इतकी वर्षं उभं राहिल्यावर माझं ठाम मत झालं आहे, की जखमी माणसाचं सर्वांत मोठं नुकसान त्या मुद्द्यावर होत नाही. अपघाताआधी तो काय काम करत होता आणि आता त्यातलं काय त्याला जमत नाही, हे कागदावर येत नाही, तिथे होतं. धडक सिद्ध होते आणि मोडलेलं आयुष्य सिद्ध व्हायचं राहून जातं.

तरी आधी धडकेकडेच येऊ. १९६० सालच्या डिसेंबरात नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एक मोटार रस्त्याकडेच्या झाडावर आदळली. तिच्यातून जाणारे उदेशी नावाचे गृहस्थ त्यात मरण पावले. त्यांच्या पत्नीचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७७ साली निकाल लागला. पुष्पाबाई उदेशी विरुद्ध रणजित जिनिंग या नावाने तो निकाल आजही रोज कुठल्या ना कुठल्या कोर्टात वाचला जातो. चालकाने नेमकी काय चूक केली, हे सांगणारा पुरावा जवळजवळ नव्हता. मग न्यायालयाने काय पाहिलं? गाडी रस्त्याच्या अगदी उजव्या टोकाला, म्हणजे चुकीच्या बाजूला गेलेली होती. तिच्या धडकेने झाड जमिनीपासून सुमारे नऊ इंचांवर उखडलं होतं. इंजिन आपल्या जागेवरून फूटभर मागे सरकलं होतं. एवढ्यावरून न्यायालयाने म्हटलं, की घडलेली गोष्टच इथे बोलते आहे. आता निष्काळजीपणा नव्हता हे दाखवण्याची जबाबदारी समोरच्याची.

मला या निकालात कायद्याच्या तत्त्वाइतकंच त्या नऊ इंचांचं मोल वाटतं. झाड कुठे तुटलं, इंजिन किती सरकलं, हे त्या वेळी कोणीतरी नीट पाहिलं आणि पुढे कोर्टात येऊन सांगितलं. पाहणारा नसता, तर तत्त्व लावायला हातात काही उरलं नसतं.

आज हे पाहण्याचं काम कायद्याने पोलिसांचं आहे आणि त्याचा पहिला कागद म्हणजे घटनास्थळ पंचनामा. हा कागद आपल्याकडे फार हलक्या हाताने लिहिला जातो. ‘सदर रस्ता दक्षिणोत्तर असून डांबरी आहे, रहदारी सुरळीत चालू आहे’ अशा ठरलेल्या वाक्यांत अर्धं पान जातं. दाव्याला लागतं ते वेगळंच. रस्त्याची रुंदी किती फूट, मध्ये दुभाजक आहे की पांढरा पट्टा, काचांचा सडा रस्त्याच्या कुठल्या बाजूला पडला होता, ब्रेक घासल्याच्या खुणा कुठून कुठवर, मोटारसायकलला मार मागून की बाजूने, मोटारीचा दिवा डावीकडचा फुटला की उजवीकडचा. वाहनं बाजूला काढून रस्ता मोकळा केला, की यातलं निम्मं जागेवर राहत नाही. दोन गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली असेल, तर काचा कुठे पडल्या यावरच धडक कोणाच्या बाजूला झाली ते ठरतं. विमा कंपनी दोघांचीही चूक असल्याचा मुद्दा काढते, तेव्हा त्याला उत्तर पंचनाम्यातल्या याच ओळीत सापडतं. ही ओळ नसेल, तर भरपाईतून तिसरा हिस्सा, कधी अर्धाही, कापला जाऊ शकतो.

म्हणून घरातल्या एकाने दवाखान्यात थांबावं आणि दुसऱ्याने जागेवर जावं. मोबाइलने फोटो काढावेत. आधी लांबून, म्हणजे मैलाचा दगड, दुकानाची पाटी, वळण असं काहीतरी ओळखीचं दिसेल. मग जवळून. फोटो ज्या फोनने काढला त्या फोनमध्ये मूळ रूपात राहू द्यावा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेला फोटो दाबला जातो आणि तो कधी काढला याची आतली नोंदही निघून जाते. शेजारच्या पेट्रोल पंपावर, धाब्यावर, टोलनाक्यावर कॅमेरा आहे का ते बघावं. हे चित्रण ठेवायची जागा भरली की जुनं आपोआप पुसलं जातं, त्यामुळे ‘चौकशी होईल तेव्हा मागू’ म्हणणाऱ्याला काही मिळत नाही. चित्रण जपून ठेवावं असा लेखी अर्ज मालकाला द्यावा, त्याची प्रत पोलीस ठाण्यात द्यावी आणि दोन्हींवर पोच घ्यावी. चित्रणासोबत प्रमाणपत्र लागतं. २०२० साली अर्जुन पंडितराव खोतकर यांच्या निकालात, म्हणजे आपल्या जालन्याच्या निवडणुकीच्या वादात, सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ सोबत अनुसूचीत त्याचा नमुनाच दिलेला आहे. न्यायाधिकरणाचं काम संक्षिप्त पद्धतीने चालतं, पुराव्याचे नियम तिथे तितके कडक लावत नाहीत, हे खरं. तरी प्रमाणपत्र ज्या दिवशी चित्रण हाती येतं त्याच दिवशी मिळवणं सोपं असतं. तीन वर्षांनी तो मॅनेजर नोकरी सोडून गेलेला असतो.

१०८ च्या रुग्णवाहिकेला केलेल्या फोनची वेळ तुमच्या फोनमध्ये असते. तिचा स्क्रीनशॉट घ्या. साधी गोष्ट आहे, पण वेळेवरून वाद निघाला की कामाला येते.

आता थोडा वेळ मी दवाखान्याच्या दारात थांबणार आहे, कारण चांगले दावे इथेच बिघडताना पाहिले आहेत. एक मोटारसायकलवाला, त्याला मोटारीने मागून उडवलं. रस्त्यावरच्या लोकांनी उचलून रिक्षात घातलं, मेहुणा धावत दवाखान्यात पोचला. अपघात विभागातले डॉक्टर विचारतात, काय झालं? मेहुणा घाबरलेला, त्याने स्वतः काही पाहिलेलं नाही. तो म्हणतो, ‘गाडीवरून पडले.’ डॉक्टर तेवढंच लिहितात. त्यांच्या दृष्टीने डोक्याला मार आहे का, उलटी झाली का, शुद्ध आहे का, हे महत्त्वाचं. लिहिण्यात त्यांचा दोष नाही. पोलीस तपास होतो, मोटार सापडते, दोषारोपपत्र जातं, दावा दाखल होतो. मग उलटतपासात विमा कंपनीचे वकील तो केसपेपर हातात घेऊन विचारतात, ‘तुम्हाला कोणत्याही मोटारीने ठोकलं नाही, तुमची गाडी घसरली आणि तुम्ही पडलात, हे दवाखान्यात पहिल्या तासात तुमच्याच नातेवाइकाने सांगितलं आहे, बरोबर?’ पहिल्या तासात सांगितलेलं खरं आणि नंतरचं रचलेलं, हा कोर्टाचा सर्वसाधारण समज आहे आणि तो चुकीचाही नाही. त्या दोन शब्दांमुळे पुढची दोन वर्षं लढावं लागतं.

म्हणून सांगते, दवाखान्यात विचारलं तर माहीत आहे तेवढंच सांगा आणि माहीत नसेल तर तसं सांगा. ‘मी तिथे नव्हतो, लोक म्हणतात मोटारीने धडक दिली, नंबर माहीत नाही.’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे. एका दवाखान्यातून दुसऱ्यात हलवलं तर तिथे पुन्हा हाच प्रश्न येतो, पुन्हा हेच उत्तर द्या. पोलीस केस म्हणून नोंद झाली का ते विचारा आणि तो नंबर लिहून घ्या. चुकीची नोंद झालीच असेल, तर रुग्ण शुद्धीवर येताच पोलिसांसमोरच्या जबाबात खरी हकिगत यायला हवी आणि दवाखान्यालाही दुरुस्तीचा लेखी अर्ज जायला हवा. केसपेपरवर कोणाकडून खाडाखोड करून घेऊ नका. खाडाखोड केलेला कागद चुकीच्या कागदापेक्षा वाईट.

फिर्याद उशिरा दिली म्हणून पुष्कळ लोक घाबरतात. रवी विरुद्ध बद्रीनारायण या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं आहे, की जखमीच्या घरचे आधी उपचारामागे धावतात, पोलीस ठाण्यात नंतर जातात आणि तेवढ्यावरून दावा खोटा म्हणता येत नाही. उशीर का झाला, ते मात्र फिर्यादीत लिहिलेलं असावं. आणि ज्यांनी उचलून दवाखान्यात नेलं, त्या अनोळखी माणसांबद्दल एक शब्द. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४ अ आलं. मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगायची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. पण तो माणूस आपणहून फोन नंबर देऊन गेला, तर त्याच्यासारखा साक्षीदार नाही. त्याचा ना तुमच्याशी संबंध, ना समोरच्याशी.

इथपर्यंतचा पुरावा जमवायला कायदा तुम्हाला हात देतो, हेही सांगायला हवं. १ एप्रिल २०२२ पासून नवे नियम लागू आहेत. अपघाताचा पहिला अहवाल पोलिसांनी ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा. त्याच वर्षी डिसेंबरात गोहर मोहम्मद यांच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना हे अमलात आणायला बजावलं. जखमीला त्याचे हक्क सांगणारा छापील नमुनाही द्यायचा असतो. तो किती ठाण्यांत दिला जातो, हे तुम्ही मला सांगा. माझ्याकडे येणाऱ्यांच्या हातात तो क्वचित दिसतो. मागा, मिळेल. वाहनाचं नोंदणीपत्र, चालकाचा परवाना, विम्याची पॉलिसी, फिर्याद, पंचनामा, आणि आपल्याकडचा अपघाताच्या तपशिलाचा जुना फॉर्म ‘ए ए’, यांच्या प्रती ठाण्यातून घ्या. वाहनाचा नंबर असेल तर विमा चालू आहे की नाही, हे सरकारी परिवहन अ‍ॅपवरही दिसतं. मोटार पळून गेली आणि सापडलीच नाही, तर जबर जखमीला ५०,००० आणि मृताच्या वारसांना २ लाख देणारी वेगळी योजना आहे. तिचा अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात होतो. रक्कम तुटपुंजी आहे, पण ती मागण्यात कमीपणा नाही.

मुदतीचं विसरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा दावा अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करायचा, अशी तरतूद २०२२ पासून लागू झाली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे. जखमीने त्या आव्हानाच्या भरवशावर बसू नये. दावा कुठे करायचा, याची मात्र सोय चांगली आहे: अपघात झाला तिथे, समोरचा राहतो तिथे, किंवा तुम्ही राहता तिथे. बीडचा ऊसतोड कामगार कर्नाटकात ट्रॅक्टरखाली सापडला, तरी बीडच्या न्यायाधिकरणात त्याचा दावा चालतो. फक्त तिथले पोलीसकागद कन्नडात असतात आणि त्यांचं भाषांतर करून घ्यावं लागतं. त्यासाठी वेळ हाताशी ठेवावा.

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येते.

एक गवंडी धरू. वय ३४. मोटारीने धडक दिली, घोट्याचं हाड मोडलं, प्लेट आणि स्क्रू बसवले. तो चालतो, किंचित लंगडतो. डॉक्टरांनी दाखला दिला, अपंगत्व १८ टक्के. घरच्यांना वाटतं, दाखला मिळाला, काम झालं. दावा चालतो. उत्पन्नाचा कागद नाही, म्हणून न्यायाधिकरण महिना ८,००० रुपये धरतं. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे, स्वतःचा धंदा किंवा ठरावीक पगाराचं काम करणाऱ्या चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के मिळवायचे. सरला वर्मा निकालाच्या तक्त्याप्रमाणे ३१ ते ३५ वयाला गुणक १६. हिशोब करा: वर्षाचे ९६,०००, त्यात ४० टक्के मिळवून १,३४,४००, गुणिले १६ म्हणजे २१,५०,४००. त्याचे १८ टक्के ३,८७,०७२.

आता तोच माणूस, तोच घोटा. पण त्याने महिना १५,००० कमावतो हे दाखवलं. आणि हेही दाखवलं की तो आता परांचीवर चढू शकत नाही, उकिडवा बसून फरशी बसवू शकत नाही, सिमेंटची गोणी घेऊन जिना चढू शकत नाही. न्यायाधिकरणाने त्याच्या कमाईच्या क्षमतेचं नुकसान ६० टक्के धरलं. वर्षाचे १,८०,०००, वाढीसह २,५२,०००, सोळाने गुणून ४०,३२,०००, त्याचे ६० टक्के २४,१९,२००. तीन लाख सत्त्याऐंशी हजार आणि चोवीस लाख एकोणीस हजार. रस्ता तोच, मोटार तीच, चूकही तीच. फरक सगळा दुसऱ्या भागाच्या पुराव्यात आहे.

हे गणित उभं आहे ते २०११ साली प्रसिद्ध झालेल्या राज कुमार विरुद्ध अजय कुमार या निकालावर. जखमींच्या दाव्यात याहून उपयोगाचा निकाल मला माहीत नाही. न्यायालयाने त्यात उदाहरण दिलं आहे. डावा हात गेला, तर शारीरिक अपंगत्व साठेक टक्के धरता येईल. तो माणूस चालक किंवा सुतार असेल, तर कमाईचं नुकसान जवळजवळ शंभर टक्के. सरकारी कचेरीत कारकून असेल आणि नोकरी टिकली, तर तितकं नाही. म्हणजे टक्केवारी हाडाची नाही, कामाची मोजायची. त्याच निकालात आणखी एक इशारा आहे. एका पायाचं ४५ टक्के अपंगत्व म्हणजे सगळ्या शरीराचं ४५ टक्के नव्हे. दाखल्यावर कशाचे टक्के आहेत, हे लिहिलेलं नसेल तर समोरचे वकील त्यावरच बोट ठेवतात आणि ठेवावंच.

मग गवंड्याचं काम सिद्ध कसं करायचं? तो म्हणतो, ‘ताई, आमच्याकडं कसला कागद? रोज संध्याकाळी हातात पैसे.’ कागद असतो, त्याला तो कागद वाटत नाही एवढंच. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचं नोंदणीकार्ड आहे का? त्यासाठी ९० दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र दिलेलं असतं. मुकादमाची वही असते, तिच्यात हजेरी असते. हल्ली ठेकेदार फोनवरून पैसे पाठवतात, बँकेच्या उताऱ्यात त्या नोंदी आठवड्याला येतात. मोटारसायकलचा हप्ता तो दर महिना वेळेवर फेडत होता का? सहा हजारांचा हप्ता दोन वर्षं न चुकता भरणारा माणूस महिन्याला आठ हजार कमावत होता, असं कोण म्हणेल? शेतकऱ्याकडे बाजार समितीतल्या आडत्याची पट्टी असते, दूध घालणाऱ्याकडे डेअरीचं दर दहा दिवसांचं बिल. रिक्षावाल्याकडे परमिट आणि बॅज. शिवणकाम करणाऱ्या बाईकडे बचत गटाचं पासबुक आणि ज्यांचे ब्लाऊज शिवले त्या गल्लीतल्या बायका. हो, बायका. तोंडी साक्षही पुरावाच आहे. ठेकेदार कोर्टात येऊन म्हणाला, ‘हा माझ्याकडे मिस्त्री होता, दिवसाला इतके देत होतो, आता याला परांचीवर चढवायची माझी हिंमत नाही’, तर त्या एका वाक्यात दोन्ही गोष्टी आल्या.

आणि खरोखरच काही नसेल तर? सय्यद सादिक यांच्या २०१४ च्या निकालातला जखमी चोवीस वर्षांचा भाजीविक्रेता होता, त्याचा पाय कापावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, भाजी विकणाऱ्याकडे उत्पन्नाचा पुरावा मागण्याचं कारण नाही; न्यायालयाने स्वतःच त्याचं उत्पन्न महिना ६,५०० रुपये धरलं आणि कमाईचं नुकसान ८५ टक्के धरलं. घरकाम करणाऱ्या गृहिणीच्या श्रमालाही किंमत आहे, हे २००१ च्या लता वाधवा निकालापासून २०२१ च्या कीर्ती निकालापर्यंत न्यायालय सांगत आलं आहे. तरीही माझं सांगणं असं, की न्यायालयाच्या औदार्यावर दावा उभा करू नये. निकाल आधाराला आहेत. पण खालच्या कोर्टात, सोमवारी सकाळी, शंभर प्रकरणांच्या गर्दीत न्यायाधीशांसमोर मुकादमाची मळकी वही पुराव्याचा निशाणी क्रमांक पडून ठेवलेली असते, तेव्हा तिचं वजन वेगळं पडतं. ‘उत्पन्न नाही’ आणि ‘उत्पन्नाचा कागद नाही’ यांतला फरक ती वही दाखवते. गरिबाचा दावा छोटा आणि पगारदाराचा मोठा, असं आपल्याकडे घडतं ते कायद्यामुळे नाही. पगारदाराची नोंद दुसरं कोणीतरी ठेवतं, गरिबाची कोणी ठेवत नाही. हा अन्याय मला फार बोचतो आणि तो कमी करणं आपल्या हातात आहे.

बिलांचं थोडक्यात सांगते. औषधाच्या बिलासोबत त्या दिवशीची चिठ्ठी जोडा. चिठ्ठीवाचून बिल आलं की आक्षेप येतो. दुकानातली बिलं हल्ली थर्मल कागदावर असतात, दोन पावसाळ्यांत अक्षर उडतं, म्हणून त्याच आठवड्यात झेरॉक्स काढून मूळ कागदाच्या मागे लावा. प्लेट आणि स्क्रूचे स्टिकर फाइलमध्ये असतात, त्यांचा फोटो घ्या. प्लेट पुढे काढावी लागणार असेल, तर त्या शस्त्रक्रियेच्या खर्चाचा अंदाज डॉक्टरांकडून लेखी घ्या. ज्या महिन्यांत बायकोने किंवा आईने मजुरी सोडून रुग्णाची उस्तवार केली, तिचे तेवढे दिवस लिहून ठेवा. सांभाळणाऱ्याच्या श्रमाची भरपाई मागता येते. काजल नावाच्या मुलीच्या २०२० च्या निकालात तर न्यायालयाने तिच्या आयुष्यभराच्या सांभाळाचा खर्च गुणक लावून दिला.

दवाखान्यात भरती असतानाचे आतले कागद, म्हणजे रोजच्या नोंदी, नर्सचा तक्ता, भूलतज्ज्ञाची नोंद, यांवर रुग्णाचा हक्क आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे डॉक्टरांनी ते तीन वर्षं जपायचे आणि रुग्णाने मागितले तर ७२ तासांत द्यायचे. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका.

एक कडू गोष्टही बोलायला हवी. खोटे दावे होतात. धडक दिली एका वाहनाने आणि विमा असलेलं दुसरंच उभं केलं जातं, साक्षीदार तयार केले जातात. उत्तर प्रदेशात हे इतकं वाढलं, की २०१५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या आदेशाने विशेष तपास पथक नेमावं लागलं. आपल्याकडेही ‘दाखला वाढवून आणतो’ म्हणणारे कोर्टाच्या आवारात फिरतात. अशा माणसाला दारात उभं करू नका. वाढवलेला एक दाखला उघडा पडला, की गवंड्याच्या खऱ्या वहीकडेही न्यायाधीश संशयाने बघतात आणि त्याचे भोग पुढचे सगळे जखमी भोगतात. काही न पाहिलेला साक्षीदार उभा करण्याची गरजही नसते. पुरावा फौजदारी खटल्यासारखा निःसंशय लागत नाही, शक्यतेचा काटा कोणत्या बाजूला झुकतो एवढंच पाहायचं, हे गोव्यातल्या डुल्सिना फर्नांडिस यांच्या २०१३ च्या निकालासह अनेकदा सांगून झालं आहे.

शेवटची विनंती सभागृहातल्या डॉक्टरांना आहे. आज बरेच जण आले आहेत, म्हणून तोंडावर सांगते. अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांना साक्षीला यावं लागतं, आणि तुम्हाला ते आवडत नाही. कोर्टाच्या व्हरांड्यात अर्धा दिवस जातो, इकडे रुग्ण खोळंबतात, ही तक्रार खरी आहे. त्यामुळे पुष्कळ डॉक्टर दाखलाच देत नाहीत आणि जखमीला मग ज्याने त्याच्यावर कधी उपचारच केले नाहीत अशा कोणाकडून दाखला आणावा लागतो. राज कुमार निकालाने अशा तयार दाखल्यांबद्दल न्यायाधिकरणांना सावध केलं आहे आणि त्याच निकालात तुमच्या अडचणीवर उपायही सांगितला आहे. डॉक्टरांची साक्ष ठरलेल्या वेळी घ्यावी, त्यांना ताटकळत ठेवू नये, आणि गरज असेल तर कमिशन नेमून दवाखान्यातच ती नोंदवावी. तसा अर्ज आम्ही वकील करतो, तो मंजूरही होतो. तुम्ही फक्त दाखल्यावर टक्केवारीच्या खाली चार ओळी जास्त लिहा: हा रुग्ण उकिडवा बसू शकतो का, शिडी चढू शकतो का, किती वजन उचलू शकतो, सलग किती वेळ उभा राहू शकतो. आणि सोबत तुम्हाला सोयीचा वार आणि वेळ कळवा. कमिशनर फाइल घेऊन तुमच्या ओपीडीनंतर येतील.